आधी चित्रांची पाठ पाहा

प्रश्न : आमच्या सासूबाई, म्हणजे साऱ्या घराच्या माई, २०२४च्या डिसेंबरात वयाच्या ८४व्या वर्षी गेल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवत असत. निवृत्तीनंतर घडीचे स्टूल आणि रंगपेटी घेऊन हंपी, बदामी, काशी, लेह असे हिंडल्या, दोनदा लेकीकडे कॅनडाला गेल्या, आणि जातील तिथे चित्रे काढत राहिल्या. तीनशेहून अधिक जलरंगचित्रे, १६ तैलचित्रे आणि २७ स्केचबुके दोन लोखंडी ट्रंकांत व दिवाणाखाली आहेत. थोरले दीर म्हणतात, चौघा भावंडांत वाटून घेऊ. नणंदबाईंना सारे संग्रहालयाला द्यावेसे वाटते. भाच्याला त्यांतल्या चित्रांचे कॅलेंडर छापायचे आहे. काही चित्रांवर तपकिरी ठिपके पडले आहेत, ते पुसावेत का? काशीच्या एका चित्रामागे पेन्सिलीने ‘सकाळी ७.१०, पाणी गंगेचेच’ असे लिहिलेले आढळले, तेव्हापासून कशालाही हात लावू नये असे मला वाटते. नातू माईंची रंगपेटी मागतो आहे. द्यावी का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : हात लावू नये असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे केल्यास साताऱ्याच्या दोनतीन पावसाळ्यांत कसर आणि बुरशी आपले काम उरकतील. चित्रे बाहेर काढावीच लागतील. प्रश्न कोणत्या क्रमाने एवढाच आहे, आणि माझ्या मते वाटणीच्याही आधी, संग्रहालयाच्याही आधी यादी झाली पाहिजे. आपल्याला सापडलेली ती पेन्सिलीची ओळच त्याचे कारण आहे. घाटाचे चित्र पाहून काशी कोणीही ओळखील. परंतु रंग कालवायला माईंनी बाटलीतले पाणी न घेता नदीचे घेतले, हे फक्त कागदाच्या पाठीवर आहे. उद्या एखाद्या फ्रेमवाल्याने त्यामागे हार्डबोर्ड चिकटवला की ते कायमचे गेले.

पाऊस सरून हवा कोरडी झाली की मोठ्या टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरून, हात धुऊन व पूर्ण कोरडे करून, एकेक चित्र पाहावे. प्रत्येकाच्या पाठीवर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, अजिबात दाब न देता, क्रमांक घालावा. बॉलपेन नको, कारण त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि शाई कालांतराने झिरपते. पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. छपाईयोग्य प्रत हवी असेल, तर जलरंगांचे स्कॅनिंग किमान ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करून मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावी आणि तिच्या तीन प्रती करून त्यांतली एक परगावी, शक्य तर कॅनडालाच, असू द्यावी. स्केचबुकांची पाने मात्र सोडवू नयेत. पानांचा क्रम हाच त्या प्रवासाचा क्रम असतो, आणि सुट्या झालेल्या पानांना पुन्हा तो लावता येत नाही.

यादीतला सर्वांत अवघड रकाना ‘हे कोण, हे कुठले’ हा असतो. डिसेंबरात वर्षश्राद्धाला सारे कुटुंब जमेल, तेव्हा जेवणे आटोपल्यावर चित्रे एकेक करून दाखवावीत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे. नणंदबाई म्हणतील, हे आमच्या मागचे अंगण. दीर म्हणतील, छे, ते शेजाऱ्यांचे. हा वाद मिटवू नका, दोन्ही म्हणणी क्रमांकासह टिपून ठेवा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी १९२२मध्ये शाहू महाराज गेल्यावर शोकाच्या भरात आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे सांगतात. घराघरांतली चित्रे अशी जात नाहीत. ती राहतात, आणि त्यांतली माणसे ओळखणारे एकेक करून जातात.

आता ठिपक्यांविषयी. ते पुसू नयेत, हे तर झालेच. पण त्याआधी ते नक्की कशाचे आहेत ते पाहावे. कागदातील आर्द्रतेने, बुरशीने किंवा लोहकणांनी पडणारे डाग तांबूस तपकिरी, पसरट कडांचे असतात आणि बहुधा पाठीवरही दिसतात. याउलट ओल्या रंगावर पावसाचा थेंब पडला, तर तो रंगाला कडेकडेला ढकलतो. मधे फिकट आणि भोवती गडद कडा असलेले वर्तुळ उरते. उघड्यावर बसून काम करणाऱ्या चित्रकाराच्या आकाशात अशी वर्तुळे सापडतात. ती दुरुस्त करणे म्हणजे त्या दिवसाचा पाऊसच पुसून टाकणे. पहिल्या प्रकारचे डाग वाढत असतील, तर काम जाणकाराकडेच सोपवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतंत्र कलासंवर्धन केंद्र आहे आणि इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्याही संवर्धन प्रयोगशाळा आहेत. तिथे विचारणा करावी. तैलचित्रांवर ओले फडके, बटाट्याची फोड, पावाचा गर यांपैकी काहीही फिरवू नये. हे उपाय आजही मोठ्या आत्मविश्वासाने सुचवले जातात, म्हणून मुद्दाम लिहितो.

साठवणीसाठी लोखंडी ट्रंक आणि डांबराच्या गोळ्या हा आपल्याकडचा जुना रिवाज असला, तरी बंद ट्रंकेत दमट हवा कोंडते आणि गोळ्यांचा स्पर्श चित्रांना चांगला नाही. आम्लविरहित कागदाच्या घड्यांत चित्रे आडवी ठेवून ती त्याच प्रतीच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत भरावीत आणि पेट्या जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना घरात बंदी करावी. लॅमिनेट केलेले जलरंगचित्र सोडवणे जवळजवळ अशक्य असते. भिंतीवर लावायची चित्रे निवडकच असावीत, काच कागदाला टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालावा आणि ती दर काही महिन्यांनी बदलावीत. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. आपल्या दिवाणखान्यात दुपारी त्याच्या कैक पट असतो, आणि उडालेला रंग परत येत नाही.

वाटणीला माझा विरोध नाही. चित्रे चार घरांत लागलेली असणे हे ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा बरेच. मात्र वाटणी सुट्या चित्रांची व्हावी, एका प्रवासातली चित्रे शक्यतो एकाच घरी जावीत, आणि कोणता क्रमांक कोणाकडे गेला याची सह्यांनिशी नोंद चौघांकडे असावी. स्केचबुके एकत्र ठेवावीत. ती कोणाकडे असावीत हे ठरत नसेल, तर जो घरी आलेल्याला ती उघडून दाखवतो त्याच्याकडे असावीत, असे मी सुचवीन.

नणंदबाईंची इच्छा मोठी आहे, पण संग्रहालयांकडे जागा आणि माणसे दोन्ही मोजकी असतात आणि संपूर्ण संग्रह स्वीकारला जाणे विरळा. अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांढरे यांनी कोल्हापुरातले आपले घर चित्रांसह राज्य शासनाला दिले आणि तिथे आज संग्रहालय आहे. परंतु तिथे देणारा स्वतः चित्रकार होता आणि चित्रांबरोबर वास्तूही होती. आपण क्रमांकित यादी आणि निवडक २० चित्रांच्या प्रती घेऊन एखाद्या स्थानिक संग्रहालयाकडे किंवा कला महाविद्यालयाकडे गेलात, तर निदान बोलणे तरी पुढे सरकेल.

कॅलेंडरचे असे की चित्र ज्याच्या घरी आहे तो आपोआप त्याच्या हक्काचा मालक होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे माईंच्या चित्रांवर तो ३१ डिसेंबर २०८४पर्यंत राहील. मृत्युपत्र नसेल तर तो वारसांचा सामाईक असतो. भाच्याने सर्वांची लेखी संमती घ्यावी. माईंनी विकलेल्या चित्रांचा हक्कही, लेखी करार करून दिला नसेल, तर सामान्यतः त्यांच्याकडेच राहिला आहे. कोणी मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्रांचे तेवढे वेगळे; तिथे हक्क बहुधा सांगणाऱ्याचा असतो.

राहिली रंगपेटी. ती धुऊ नका आणि वापरायलाही देऊ नका. तिच्यात वाळलेले रंग हे माईंनी नेमके कोणते रंग वापरले याचे नमुने आहेत, आणि पुढे एखादे चित्र दुरुस्तीला गेले, तर जाणकार पहिल्यांदा तेच मागेल. नातवाला नवी पेटी घेऊन द्या आणि तिच्यासोबत माईंचे ब्रश द्या. केसांचे चांगले ब्रश पडून राहिले की त्यांना कसर लागते. रोज रंगात बुडून धुतले गेले, तर पुष्कळ वर्षे चालतात.