पोलने केबल नाही, दोरी न्यायची

भाऊ, तुमचा प्रश्न असा की कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये १८ फुटांवर लोखंडी ट्रस (छत पेलणारे सांगाडे) आहेत, त्यावरून कॅमेऱ्याची कॅट सिक्स (नेटवर्कची) केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचीय, खाली मशिनी असल्यामुळे शिडी टेकत नाही, तर टेलिस्कोपिक पोलने, म्हणजे एकात एक सरकून लांब होणाऱ्या दांड्याने, काम होईल का. होतं भो, आरामात होतं. फक्त पोलच्या टोकाला थेट केबल बांधून ढकलत बसू नका. सगळे आधी तेच करतात आणि मग म्हणतात पोल बेकार निघाला.

पोलने फक्त दोरी न्यायची. बारीक नायलॉन दोरी घ्या, टोकाला एक जाडसर नट बांधा. पोलच्या हुकात दोरी अडकवून नट ट्रसच्या खालच्या पट्टीवरून पलीकडे न्या आणि मागून दोरी ढिली सोडा, नट आपल्या वजनाने खाली येतो. खालचा माणूस तो धरतो, पुढच्या ट्रसखाली जातो, परत तेच. शेवटपर्यंत गेलं की दोरी वरखाली लोंबकळत दिसेल, घाबरू नका, दोन्ही टोकं ताणली की ती सरळ ट्रसवर जाऊन बसते. मग त्या दोरीने केबल ओढायची, आणि केबलसोबत एक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तारही ओढून घ्या, कारण दोन ट्रसमध्ये नुसती केबल झोळ खाते. दोघांना टेपने जागोजागी बांधून वर घ्या, तार दोन्ही टोकांना ताणून पक्की करा. केबलचं तोंड निमुळतं करून टेप मारा, कनेक्टर ओढून झाल्यावरच लावायचा. जोर बेताने लावा, या केबलला साधारण ११ किलोच्या वर ओढ द्यायची नसते. अडकली तर झटका नाही मारायचा, थोडं मागे घेऊन परत ओढायचं. आणि ती स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल असल्या कामाला अजिबात नको, ओढाताणीत आतल्या आत तुटते.

आता पोल कुठला. फायबरग्लासचा. ॲल्युमिनियमचा हलका आणि स्वस्त पडतो पण त्यातून करंट येतो, कार्बन फायबरचंही तेच. फायबरग्लास असला तरी ओला किंवा धुळकट झाला की भरवसा नाही, म्हणून शेडमधली ट्यूबलाइटची लाइन मेनमधून बंद करूनच काम करा, आणि दाराबाहेर जाताना पोल मिटवून आडवा न्या, जिनिंगच्या आवारात बऱ्याचदा ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन डोक्यावरच असते. दुसरं म्हणजे पोलवर लिहिलेली लांबी उभ्याची समजा. आडवा धरला की शेवटचे भाग वाकतात आणि टोक नाचतं, त्यामुळे ऑफिसच्या फॉल्स सीलिंगमध्ये आडवं सरकवायचं असेल तर पूर्ण लांबीच्या निम्म्यावरच हिशोब धरा. तिथे दोन बाय दोन फुटांची एक टाइल सोडून एक उघडत जाणं बरं.

एकाच वेळचं काम असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही खरं तर. रंगाऱ्याकडचा रोलरचा लांब दांडा, धातूचा नसेल तर, मागून आणा, नाही तर रावेर-यावलकडचा कोणी पाहुणा असेल तर केळीला टेकू द्यायचा बांबू आणा, टोकाला खाच पाडली की हुकाचं काम होतं. वजन जरा जास्त, बाकी काही नाही.

हे सगळं दिवाळीच्या आत उरका. एकदा सीझन लागला की खाली कापसाचे ढीग, हवेत रुईचा फुपाटा, आणि मग कोणी तरी शहाणा ढिगावर चढून हात पुरतो का बघतो. केबल लाइटच्या वायरीला खेटून नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ओढताना सोबत एक जादा दोरी वरच राहू द्या, पुढच्या वर्षी अजून दोन कॅमेरे लावायचे निघतातच.

शेडची लांबी लिहिली नाही तुम्ही. रेकॉर्डरपासून शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत चढउतार धरून १०० मीटरच्या वर जात असेल तर मध्ये पीओई स्विच (त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देणारा नेटवर्कचा डबा) लागेल, तेवढं मोजून सांगा.