वाचक विचारतात : रेसच्या गाडीची कुळी कशी शोधायची?

प्रश्न : भाऊ, माझा भाचा मिशिगनमध्ये नोकरीला आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांचा त्याला भारी नाद. तिथे त्याला १९६४ची एक पांढरी फोर्ड फेअरलेन सापडली आहे. विकणारा छातीठोक सांगून राहिला आहे की ही ड्रॅग रेससाठी (सरळ पाव मैलाची शर्यत) कंपनीनेच बनवलेली 'थंडरबोल्ट' आहे. किंमत ऐकून माझ्या बहिणीची झोप उडाली. गाडी खरी की खोटी, हे ओळखायचं कसं? कंपनीला विचारलं तर सांगतील का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : भाच्याला आजच कळवा, इसाराचा एक डॉलरही द्यायचा नाही. आधी चेसिस नंबरची पेन्सिल छाप मागवायची. आपल्याकडे गाडी नावावर करताना कागद ठेवून पेन्सिल घासतो, तशीच. फोटोत आकडे छान दिसतात, पण त्यांच्या आजूबाजूला कानस फिरली आहे का, ते दिसत नाही. कामठी रोडच्या वर्कशॉपमध्ये मी अशा पुष्कळ छापा घेतल्या. पुन्हा ठोकलेला आकडा कागदावर लपत नाही. ओळ किंचित हलते, एक आकडा खोल तर दुसरा उथळ उमटतो.

त्या छापेत काय दिसायला हवं, ते सांगतो. थंडरबोल्टचा नंबर '४एफ४१के' असा सुरू होतो. ४ म्हणजे १९६४ साल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ४१ म्हणजे दोन दारांची फेअरलेन ५०० आणि के म्हणजे २८९ घनइंचाचं जादा ताकदीचं इंजिन. इथेच माणूस चक्रावतो, कारण खऱ्या थंडरबोल्टमध्ये इंजिन असतं ४२७ घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं. नंबरात त्याची खूणच नाही! झालं असं की २८९च्या नंबराने निघालेल्या गाड्या डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग नावाच्या बाहेरच्या कंपनीकडे गेल्या आणि ते मोठं इंजिन तिथे बसलं. तेव्हा नंबरात 'के' नसेल तर विषय तिथेच संपला. 'के' असेल तर मात्र एवढंच ठरतं की पुढची चौकशी करण्यात अर्थ आहे. त्या इंजिनाच्या साध्या फेअरलेनही त्या साली रस्त्यावर होत्याच.

पुढची चौकशी गाडीखाली शिरून करायची. वरवरच्या खुणांवर मी फार विसंबणार नाही. फायबरग्लासचं बॉनेट आणि त्यावरचा थेंबाच्या आकाराचा उंचवटा, प्लेक्सिग्लासच्या बाजूच्या खिडक्या, इकोनोलाइन व्हॅनच्या हलक्या सीटा, रेडिओ आणि हीटर गायब, शेजारच्या सीटपुढचा वायपरसुद्धा काढलेला, जड बॅटरी डिकीत उजव्या अंगाला. हे सगळं खऱ्या गाडीत होतं, पण पैसा असेल तर यातलं बहुतेक आज नव्याने जमवता येतं. ग्लोव्हबॉक्सजवळची पट्टीही तशीच. ही गाडी स्पर्धेसाठी हलकी केली आहे, पत्र्यांची जुळणी आणि दिसणं नेहमीच्या दर्जाचं मिळणार नाही, अशा अर्थाचा मजकूर कंपनीने तिच्यावर स्वतःच छापला होता. मजकूर फार प्रामाणिक, पण पट्टीची नक्कल होते.

नक्कल करायला अवघड जातं ते पुढच्या सस्पेन्शनच्या टॉवरचं, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग धरणाऱ्या पत्र्याच्या उभ्या खांबांचं काम. फेअरलेनच्या बॉनेटखाली ४२७ मावतच नव्हतं. म्हणून दोन्ही बाजूंचे टॉवर आतून कापून पुन्हा घडवले गेले. टॉर्च घेऊन तिथलं कापकाम आणि वेल्डिंग पाहा आणि ज्याच्याकडे निर्विवाद खरी गाडी आहे त्याच्या फोटोशी ताडून पाहा. एकूण गाड्या १००, त्यांतल्या पहिल्या ११ गडद लाल आणि बाकीच्या पांढऱ्या. मालक मंडळी एकमेकांना ओळखून असतात. भाच्याने त्यांच्यापैकी कुणाला सोबत नेलं तर सर्वांत उत्तम.

कंपनीला विचारून उत्तर मिळायची आशा मी देणार नाही. फोर्डच्या जुन्या गाड्यांचे उत्पादन-अहवाल अमेरिकेतली मार्टी ऑटो वर्क्स ही कंपनी देते, पण त्या नोंदी सुरू होतात १९६७ पासून. ही गाडी १९६४ची. तिचा दाखला डीलरच्या बिलात, पहिल्या मालकाच्या पत्रात, ड्रॅग रेसच्या धावपट्टीवर मिळालेल्या वेळेच्या चिठ्ठीत आणि जुन्या कृष्णधवल फोटोंत शोधावा लागतो. त्या काळी दारावर डीलरचं आणि चालकाचं नाव रंगवायची पद्धत होती. म्हणून रंगाचे थर हळूहळू उतरवले की जुनी अक्षरं सापडू शकतात. विकणाऱ्याने गाडी नुकतीच उघड्या पत्र्यापर्यंत घासून चकाचक केली असेल, तर असा पुरावा गेला असं समजा आणि किंमत त्या मानाने पाडून मागा.

बहिणीला माझा नमस्कार सांगा. पोराचा नाद वाईट नाही, फक्त कागद आधी आणि गाडी नंतर.

प्रश्न : सर, मी ऑटोमोबाइल डिप्लोमाला आहे. कारखान्याने ड्रॅग रेससाठी बनवलेली पहिली गाडी कोणती? जिथे पाहावं तिथे वेगळं नाव. कुणी ४०९ शेवरले म्हणतो, कुणी पॉन्टिअ‍ॅक, कुणी प्लिमथ.
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : बाळा, एकच नाव मिळत नाही, कारण या गाड्या समोरच्या दाराने आल्याच नाहीत. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेतही शर्यतींवरची टीका वाढली आणि जून १९५७ मध्ये तिथल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की कंपन्यांनी शर्यतींपासून लांब राहायचं. कागदावर सगळे लांब राहिले. प्रत्यक्षात पार्ट्सच्या यादीत जाड क्रँक, मोठे व्हॉल्व्ह, 'पोलीस गाडीसाठी' म्हणून कडक स्प्रिंगा येत राहिल्या. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

मला स्वतःला यात सर्वांत आवडते ती रॅमचार्जर्सची गोष्ट. क्रायस्लरमधले तरुण इंजिनिअर नोकरीचे तास संपल्यावर एकत्र जमायचे आणि स्वतःच्या खिशातून गाडी बांधायचे. त्यांनी १९४९ची एक जुनी प्लिमथ घेतली आणि इंजिनावर लांबलचक इनटेक (हवा आत नेणाऱ्या) नळ्या उभ्या केल्या. देखणी अजिबात नव्हती. पण त्यामागचा विचार तू वहीत उतरवून ठेव. इनटेक व्हॉल्व्ह बंद झाला की नळीतली हवा अडते आणि दाबाची लाट मागे उलटते. ती नळीच्या तोंडापर्यंत जाऊन परतते. नळीची लांबी अशी ठेवायची की परतीची लाट व्हॉल्व्ह पुन्हा उघडताना तिथे पोचेल. मग सुपरचार्जर (हवा कोंबणारा पंप) नसतानाही सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते. या पोरांची ही समज पुढे कंपनीच्या कामी आली आणि १९६२ मध्ये क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथच्या गाड्यांत ४१३ घनइंचाचं 'मॅक्स वेज' इंजिन शोरूममधून मिळू लागलं. त्याच्या इनटेक नळ्या तिरप्या, एकमेकींवरून पलीकडे जाणाऱ्या होत्या. म्हणजे सुरुवात कुठे झाली म्हणशील? बोर्डरूममध्ये नक्कीच नाही.

दुसरी बाजू नियमांची. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही ड्रॅग रेसची संघटना वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये काढली, ती मुळात पोरांच्या शर्यती रस्त्यावरून उचलून बंद जागेत नेण्यासाठी. (तुझ्या वयाची मुलं रात्री रिंग रोडवर जे करतात ते मला मुळीच पसंत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. पाव मैल धावलेल्या वेगवान गाडीला थांबायलाही लांब मोकळा रस्ता लागतो, आणि तो रिंग रोडवर नसतो.) या संघटनेच्या 'स्टॉक' वर्गांचा मूळ आग्रह असा की गाडी दुकानात मिळणारी हवी. म्हणून कंपन्यांनी रेसची गाडीच दुकानात ठेवली! १९६२ला 'फॅक्टरी एक्सपेरिमेंटल' हा वर्ग आला आणि मोठं इंजिन छोट्या गाडीत घालायची वाट उघडी झाली. त्याच वर्षी फोर्डने १९५७चा ठराव आपण पाळणार नाही असं जाहीर केलं. जनरल मोटर्सने उलट केलं आणि जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सगळ्या शाखांची (शेवरले, पॉन्टिअ‍ॅक वगैरे) शर्यत बंद केली. पॉन्टिअ‍ॅकने वजन घटवायला चेसिसला भोकं पाडलेल्या १४ कॅटालिना गाड्या तेवढ्या त्या सुमारास बाहेर पडल्या होत्या.

बंदी असतानाही १९६९ साली शेवरलेमध्ये काय झालं ते पाहा. टॅक्सी आणि पोलीस गाड्यांच्या घाऊक ऑर्डरी ज्या ऑफिसातून जायच्या, तिथूनच 'कोपो' (सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर) नावाच्या खास ऑर्डरीने अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या कॅमॅरो काढल्या गेल्या. नियमाला किमान ५० गाड्या हव्या होत्या, म्हणून इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावचा डीलर फ्रेड गिब याने ५० गाड्यांची ऑर्डर दिली. इंजिनाचीच किंमत चार हजार डॉलरच्या वर, गाडी सात हजारांपुढे. इतक्या महाग कॅमॅरो त्या गावात कोण घेणार? बऱ्याच गाड्या परत जाऊन दुसऱ्या डीलरांकडे वाटल्या गेल्या. एकूण ६९ बनल्या. तेव्हाच्या नंबरात फक्त आठ सिलिंडर एवढंच कळतं, इंजिन कोणतं ते नाही. म्हणून तिथेही शेवटी डीलरचं बिलच पाहावं लागतं.

तेव्हा 'पहिली कोणती' याऐवजी प्रत्येक गाडीबद्दल तीन गोष्टी विचार : कोणत्या नियमासाठी निघाली, कुणी मागितली, कंपनीच्या कोणत्या खात्यातून सुटली. प्रोजेक्टला हा विषय घेशील तर मला दाखवायला आण, मी वाचेन.

प्रश्न : थंडरबोल्टच्या चित्रात पुढचे आतले दोन दिवे नाहीत, तिथे जाळी दिसते. दिवे काढून काय मिळवलं?
— एक वाचक, सदर

उत्तर : थंड हवा. त्या दोन भोकांतून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरवरच्या पेटीत जातात. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेत त्याच जागेत सुमारे दहा टक्के कमी वायू असतो आणि बॉनेटखालची हवा ७० अंशांपर्यंत गेली तर घट सोळा टक्क्यांच्या आसपास जाते. तेवढं कमी पेट्रोल जळतं, तेवढी ताकद कमी. उन्हाळ्यात अ‍ॅम्बेसेडरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून वर्धा रोडने जाणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बॉनेटखालच्या उष्णतेबद्दल वेगळं सांगायला नको. तिथे भानगड पंपात पेट्रोलची वाफ होण्याची, इथे हवेची, पण उष्णता तीच.

हल्ली पोरं कंपनीची एअर फिल्टरची पेटी आणि बाहेरून हवा आणणारी नळी काढून बॉनेटखाली उघडा कोनासारखा फिल्टर लावतात. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढली असं वाटतं. नागपुरात तो फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. ती नळी परत बसवा आणि तिचं तोंड जाळीपुढे मोकळं ठेवा.