बाजार पडला, आता पैसे काढू की ठेवू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आर्थिक समुपदेशनाचं काम करते. पूर्वी इथे प्रश्न यायचे ते पीककर्जाचे, विम्याचे, सावकाराच्या व्याजाचे. आता अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवर एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दर महिन्याचा ठरलेला हप्ता असतो, आणि तिच्या पुतण्याच्या मोबाइलवर ऑप्शनचं, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर सौदे लावायचं अ‍ॅप. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातली डिमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, १० कोटींवर गेली, ऑक्टोबर २०२४ मध्ये एका महिन्याची एसआयपी २५ हजार कोटींच्या पुढे गेली. त्यातला थोडा पैसा आमच्या पऱ्हाटीतून, म्हणजे कापसातून आलेला आहे. म्हणून बाजार पडला की गावात विचारणा सुरू होते: काढू का ठेवू?

एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून.

मार्च २०२५ चा पहिला आठवडा. ताई अंगणवाडी सेविका, भाऊ पाच एकर कोरडवाहू कसणारे. मुलगी बारावीच्या परीक्षेत, पुढे नर्सिंगला जायचं ठरलेलं. ताईंनी ऑगस्ट २०२३ पासून एका स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात महिन्याला २,००० टाकले होते. डिसेंबरात कापसाचा चुकारा आला, तेव्हा त्याच फंडात एकदम ४०,००० टाकले. एकूण ७८,००० गेले होते आणि अ‍ॅपवर दिसत होते ६६,६००.

"हे लाल कवा हिरवं होते, तेवढं सांगा," ताई म्हणाल्या. भाऊंचं मत वेगळं होतं. "सगळं काढा अन् सोनं घ्या. सोनं पाहा कसं चढून राह्यलं."

बाजार का पडला, हे मी आधी सांगितलं. पैसा कशामुळे कमी झाला हे कळलं नाही, तर माणूस आपली फसवणूक झाली असंच धरून चालतो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, २६,२७७ पर्यंत गेला होता. कंपन्यांचा नफा त्या वेगाने वाढत नव्हता आणि भाव मात्र फार पुढे पळाले होते. मग परदेशी संस्थांनी विक्री सुरू केली. एकट्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. त्यात अमेरिकेच्या आयात शुल्काची धास्ती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी घसरला, १९९६ नंतर पहिल्यांदाच. छोट्या कंपन्यांचे शेअर त्याहून जास्त, वीस टक्क्यांच्यावर आपटले.

मग स्टेटमेंट उघडून एकेक हप्ता पाहिला. १९ हप्त्यांच्या ३८,००० वर तोटा होता फक्त अडीच हजारांच्या आत-बाहेर. खरं भोक पडलं होतं डिसेंबरच्या त्या ४०,००० मध्ये, तिथे नऊ हजार गेले होते. ते पैसे का टाकले, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "मागच्या सालचा आकडा लय भारी दिसत होता."

यावर भाऊच बोलले. २०२२ मध्ये कापूस बारा हजारांवर गेला, म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. घरभर खाज सुटली, लेकरांच्या अंगावर पुरळ आले, आणि शेवटी पेरणीच्या तोंडावर सातेक हजाराने विकावा लागला. "मंग हेबी तसंच झालं म्हणा," ते म्हणाले. मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

तरीही त्यांचा मूळ प्रश्न तसाच होता: काढू का ठेवू? बाजार वर जाईल की खाली, याचं उत्तर मी देत नाही, कारण ते कोणाकडेच नसतं. मी उलट विचारते, हा पैसा कोणत्या महिन्यात लागणार आहे? इथे उत्तर स्पष्ट होतं. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशासाठी ५०,००० हातात हवे होते. जे पैसे चार-पाच महिन्यांत लागणारच आहेत, त्यांची जागा शेअर बाजारात नाही. बाजार चढता असता तरी मी हेच सांगितलं असतं.

"एसआयपी कधीच थांबवू नका, पडल्यावर तर नाहीच," हा सल्ला मोबाइलवर सगळीकडे फिरतो. तो ज्याला दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो त्याच्यासाठी ठीक आहे. कास्तकाराचा पैसा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो आणि जून-जुलैत बियाणं, खत, फवारणीला जातो. पावसाची जोखीम तो आधीच घेऊन बसलेला असतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असताना बाजारात चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. अशा घराला हाताशी मोकळी रक्कम पगारदारापेक्षा जास्त लागते. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँक दंड कापते, आणि महिन्याचे सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी बंद होते, ते वेगळंच.

घरावर देणं किती, असं विचारल्यावर दोघंही गप्प झाले. सोसायटीचं पीककर्ज भरून झालं होतं. ३१ मार्चच्या आत भरलं की तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, हे भाऊंना नीट ठाऊक होतं. मग हळूच म्हणाले, "एक पंधरा हजाराची उधारी आहे. शेकडा तीन. हिले मी सांगतलंच नाही."

शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभरावर तीन, वर्षाला ३६ टक्के. १५,००० वर ५,४०० रुपये व्याज. दरवर्षी खात्रीने ३६ टक्के देणारा फंड जगात नाही, तेव्हा या घरातली सगळ्यात चांगली गुंतवणूक म्हणजे ती उधारी फेडणं. हे सांगताना माझा आवाज चढला होता, कारण असं लपवलेलं व्याज घर कसं पोखरतं ते मी फार जवळून पाहिलं आहे.

घरात सहा क्विंटल तूर होती, भाव वाढेल म्हणून ठेवलेली. ती सात हजारांच्या आसपास विकली. त्यातून उधारी व्याजासह फिटली आणि २५,००० मुलीच्या नावाने बँकेत ठेवले. उरलेले २५,००० फंडातून काढले. फंडात आधी घेतलेले युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, आधी विकले जातात, त्यामुळे निघाले ते बहुतेक जुन्या, स्वस्तात घेतलेल्या हप्त्यांचे, जवळजवळ मुद्दलात. वर्ष न झालेल्या थोड्या युनिटवर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याची कपात बसली, ती शंभराच्या आत. बाकी रक्कम पाच-सात वर्षांसाठी तशीच राहू दिली आणि हप्ता १,००० केला. कोणता फंड घ्यावा हे मी सांगत नाही; ते सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारावं.

सोन्याबद्दल भाऊंची नजर चुकीची नव्हती. तेव्हा तोळा पंच्याऐंशी हजार ओलांडून गेला होता आणि एप्रिलमध्ये लाखाला भिडला. २०२२ पासून तीन वर्षं देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनांवर सोनं घेतलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. पण २०१२ मध्ये एकतीस हजारांच्या घरात असलेलं सोनं २०१५ मध्ये पंचवीस-सव्वीस हजारांवर आलं होतं. शिवाय दागिना घेतला की घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी जातो. चार महिन्यांनी मोडायचं सोनं कशाला घ्यायचं?

जूनअखेर निफ्टी पुन्हा साडेपंचवीस हजारांवर गेला. भाऊंचा फोन आला, "थांबलो असतो तं जास्त भेटले असते ना?" भेटले असते. पण मधे ७ एप्रिलला निफ्टी २१,७४३ पर्यंतही खाली गेला होता, आणि त्या दिवशी पुढे काय होणार हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं, हे मी सांगितलं. फंडात ठेवलेली रक्कमही सावरली होती, मुलीच्या फीचे पैसे तयार होते.

पुतण्याचं प्रकरण मात्र लांबलं. पहिल्या दिवशी तोही सोबत आला होता, वय तेवीस. "काकू, मी दोन एक्सपायरीत काढून देतो," म्हणजे ऑप्शनचे सौदे संपायच्या दोन तारखांत, असं म्हणत टेलिग्रामवरच्या कोणाच्या तरी नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवत होता. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल मी त्याच्यासमोर ठेवला: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे गमावले, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. एवढ्याने त्याचा नाद सुटेल असं वाटलं नाही, म्हणून म्हटलं, दुसऱ्याचा स्क्रीनशॉट नको, तुझ्या अ‍ॅपमधून वर्षाचं नफा-तोटा पत्रक काढ. काकासमोर त्याने काढलं नाही. चार दिवसांनी रात्री मला पाठवलं. ५२,००० चा तोटा, बराचसा मित्रांकडून उसना घेतलेला.

अशा पोराला रागवायला लोक पुष्कळ असतात. मी त्याला सगळ्यात आधी झोप लागते का, जेवतो का, हे विचारलं आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिला. तिथे मराठीत बोलता येतं. मग ब्रोकरला सांगून त्याने खात्यातला फ्युचर-ऑप्शनचा भाग बंद केला. त्याच्या वडिलांना ताईंनी सांगितलं, माझ्यासमोर बसून. आता तो जिनिंगवर कामाला जातो आणि दर महिन्याला एका मित्राचे थोडे थोडे पैसे देतो. अजून निम्मे बाकी आहेत.