वाचक विचारतात : थेरपिस्टनी नव्याने शिकायचं ते काय?

प्रश्न : मी समुपदेशक आहे. ऑटिस्टिक आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, आवेग आवरणं कठीण जाणं) असलेली मोठी माणसं माझ्याकडे येऊ लागली आहेत. ‘न्यूरोडायव्हर्सिटी-स्नेही’ (मेंदूच्या कामातला वेगळेपणा हा दोष न मानणारे) म्हणवणारे कोर्स ढिगाने आहेत. पैसे भरण्याआधी काय पाहावं?

आधी उद्दिष्टांचं पान उघडा, माहितीपत्रक नंतर वाचा. ‘अयोग्य वर्तन कमी करणे’, ‘वयाला साजेसा प्रतिसाद मिळवणे’ अशी वाक्यं तिथे असतील तर कोर्सचं नाव काहीही असो, आतलं शिकवणं जुनंच आहे. मग शिकवणारे कोण, ते विचारा. ऑटिस्टिक व्यक्ती शेवटच्या अर्ध्या तासात अनुभव सांगण्यापुरती बोलावलेली असेल, तर ऐकणारे हेलावतात, पण त्यांची कामाची पद्धत जागची हलत नाही. अभ्यासक्रम ठरवण्यात आणि तुमच्या केसवर मत देण्यात तिचा वाटा हवा.

संशोधन कसं मांडतात, तेही पाहा. संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘डबल एम्पथी’ची मांडणी केली : ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमध्ये गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, एकट्या ऑटिस्टिक व्यक्तीच्या आकलनात खोट नसते. २०२० मध्ये एक प्रयोग गाजला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली. पुढे ३११ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीचा हा तोटा दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष सांगणाऱ्या शिक्षकावर विश्वास ठेवा. आपल्या बाजूचा तेवढाच सांगणारा उद्या तुम्हालाही तीच सवय लावेल.

तुमचं शिक्षण २०१३ आधीचं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तोवर डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नसत. ‘हे आहे म्हणजे ते नाही’ हा त्या काळचा ठसा आपल्या नोंदींत अजून सापडतो.

दोन तासांच्या वेबिनारमधून शब्द मिळतात, हात बसत नाही. त्यापेक्षा निदान तीन महिने, दर पंधरवड्याला स्वतःची केस मांडता येईल अशी सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) असलेला कोर्स घ्या.

प्रश्न : मी स्पीच थेरपिस्ट आहे. आईवडील म्हणतात, ‘मुलगी नजर मिळवत नाही, तेवढं बघा.’ ध्येय काय लिहू?

‘दहापैकी आठ वेळा नजर मिळवेल’ हे लिहू नका. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना समोरच्याच्या डोळ्यांत पाहताना ऐकणं जड जातं. खिडकीकडे पाहत ती तुमचं वाक्य पुरतं ऐकत असतात. जबरदस्तीने नजर मिळवायला शिकवलं की मास्किंग, म्हणजे आपलं वेगळेपण लपवून इतरांसारखं वागणं, शिकवलं जातं, आणि मास्किंगचा संबंध चिंता, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांशी वारंवार आढळला आहे.

आईवडिलांना विचारा, ‘नजर मिळाली तर काय बदलेल असं वाटतं?’ बहुतेकदा खरी काळजी बाहेर येते : हाक ऐकू गेली की नाही कळत नाही, शाळेत उद्धट समजतील. ध्येय त्या काळजीवर लिहा. उदाहरणार्थ : ‘ऐकलं, थांबा, नको, आवाज फार आहे, हे ती बोलून, कार्ड दाखवून किंवा हाताने कळवेल, आणि समोरची मोठी व्यक्ती १० सेकंदांच्या आत त्याची दखल घेईल.’ दुसरा अर्धा भाग गाळू नका. सगळं बिनसतं ते तिथेच. ‘थांबा’चं कार्ड दिलं जातं, मूल ते दाखवतं, आणि मोठी माणसं ‘एवढं संपवू या’ म्हणतात. असं दोन-चारदा झालं की कार्ड जमिनीवर पडतं. मग नोंद होते, ‘संवादाचं साधन वापरत नाही.’ म्हणून मोजणी मोठ्यांची करा : कार्ड किती वेळा दाखवलं, त्यातलं किती वेळा खरंच थांबलात.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मध्येच शब्द बदलून पुन्हा विचारलंत तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रश्न : ‘शरीरात कुठे जाणवतंय?’ असं विचारलं की एक क्लायंट दर वेळी ‘माहीत नाही’ म्हणतात. हा विरोध समजायचा का?

नाही. ते खरं उत्तर आहे असं धरून चला. जवळपास निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना अ‍ॅलेक्सिथायमिया असतो, म्हणजे स्वतःची भावना ओळखणं आणि तिला नाव देणं कठीण जातं. भूक, तहान, छातीतली धडधड यांचे संकेतही अनेकांना उशिरा किंवा अस्पष्ट मिळतात. उघडा प्रश्न सोडा. पाहून किंवा हात लावून सांगता येईल असं विचारा : जबडा आवळलेला आहे की सैल? शेवटचं पाणी कधी प्यायलात? काल याच वेळेपेक्षा अंग जड आहे की हलकं? एक ते दहाच्या पट्टीपेक्षा अशी तुलना सोपी जाते. उत्तर दुसऱ्या दिवशी लिहून पाठवायची मुभा द्या.

विचार तपासण्याच्या तंत्रातही जपून. ‘ऑफिसमध्ये सगळे मला विचित्र समजतात’ हे वाक्य विचारातली चूक म्हणून खोडण्याआधी तिथे नेमकं कोण काय बोललं ते विचारा. अनेकदा ते जसंच्या तसं खरं असतं. मग विचार बदलायला लावण्याऐवजी जागा बदलणं, लेखी सूचना मागणं, मीटिंगचे विषय आदल्या दिवशी मिळवणं, यावर सेशन खर्च करा.