जुनी रेसिंग गो-कार्ट चालवायला कशी वाटते? मॉलमधल्या कार्टपेक्षा खरंच वेगळी असते का?

मॉलच्या गच्चीवर कार्ट चालवून हात बसलाय आणि आता कुणाच्या तरी ओळखीने 1970 च्या दशकातली खरी रेसिंग कार्ट मिळतेय, असं तुम्ही लिहिलंय. मग आधीच सांगून ठेवतो: पहिल्या वळणावर ती वळणारच नाही. स्टिअरिंग फिरवाल आणि ती सरळ गवतात जाईल. माझी गेली होती.

मी ओहायोत नोकरीला असताना आमच्या कंपनीत निवृत्तीला आलेले एक टूलमेकर होते. मनातल्या मनात मी त्यांना मिस्त्री म्हणायचो. त्यांच्या गॅरेजमध्ये त्या काळातली एक कार्ट होती: यामाहाचं केटी-100 इंजिन, 100 सीसी, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. क्लच नाही, गिअर नाही, इंजिनापासून थेट चेन. जुन्या कार्टवाल्यांच्या मेळाव्यांना ते मला दोन उन्हाळे घेऊन गेले.

चालू करणं हीच पहिली कसरत. एका हाताने मागची बाजू उचलायची, दुसऱ्याने स्टिअरिंग धरायचं, तसंच पळत सुटायचं, मागची चाकं धप्पकन खाली सोडायची आणि इंजिनाने पकडलं की उडी मारून आत. राजदूत धक्का मारून चालू केलेल्या माणसाला कल्पना येईल, फक्त इथे गाडी तुम्हाला सोडून पुढे निघून जाऊ शकते.

आता वळणाचं. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट, म्हणजे दोन्ही सारखीच फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण आतलं चाक सोडत नाही आणि कार्ट सरळ रेटली जाते. उपाय एकच, आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटलं पाहिजे. चार पायांच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवला की त्याचा आणि त्याच्या तिरक्या समोरचा असे दोन पाय भार घेतात, बाकीचे डुगडुगतात ना? तसंच. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, वळणाचा जोर भार बाहेर ढकलतो आणि आतलं मागचं चाक उचललं जातं. सस्पेन्शन नाहीच, लवायचं काम फ्रेमच करते.

पण मी येझदीवर वाढलेला. वळण आलं की अंग आपोआप आत झुकायचं, म्हणजे जे चाक उचलायचं त्याच्यावरच मी बसायचो! मिस्त्रींनी दोन फेऱ्या बघितल्या आणि खुणेनेच खांदा बाहेर टाकायला सांगितलं. बाहेर झुकलो आणि कार्ट एकदम चाकू फिरवावा तशी वळली. तो क्षण अजून हाताला आठवतो.

मॉलमधल्या कार्टमध्ये यातलं फारसं काही कळत नाही. ती जड असते, चहूबाजूंनी बंपर, इंजिन मंद. चाकं घसरवत नेली तरी भागतं.

दुसरा धडा महागात पडला. सरळ पट्ट्याच्या शेवटी ॲक्सिलरेटरचं पेडल सोडताना उजव्या हाताचा तळवा क्षणभर कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) तोंडावर ठेवायचा, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं. आम्ही 5 लिटरला 250 मिली तेल घालायचो. पूर्ण वेगात तापलेल्या इंजिनाचं पेडल सोडलं की पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनाला फिरवतच असतात. तळव्याने हवा अडवली की इंजिन पेट्रोल-तेलाचा एक मोठा घोट ओढून घेतं. ताशी नव्वदच्या वेगात, बूड जमिनीपासून दोन बोटांवर असताना स्टिअरिंगवरून हात काढायला मी धजावलो नाही. चौथ्या फेरीत पिस्टन अडकला. क्लच नसल्याने मागची चाकं जागेवर लॉक, आणि मी भोवऱ्यासारखा फिरून उलट्या तोंडाने थांबलो.

मिस्त्री रागावले नाहीत. संध्याकाळी इंजिन उघडून पिस्टन माझ्या हातात ठेवला. बाजूने नखाला लागतील असे उभे ओरखडे. पुढच्या वेळी माझा हात बरोबर जागेवर गेला.

वास मात्र ओळखीचा निघाला. तिथले बरेच जण एरंडेलाचं तेल वापरायचे. लहानपणी आजी रविवारी सकाळी नाक दाबून चमच्याने पाजायची, तेच, फक्त शुद्ध केलेलं. जळालेल्या एरंडेलाचा गोडसर वास आला की बाकीचे खूश व्हायचे आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

तुमच्यासाठी: मालकाला आधी विचारा, क्लच आहे की थेट चेन. थेट असेल तर हाताचा चोक, म्हणजे तळव्याने कार्ब्युरेटरचं तोंड झाकणं, उभ्या कार्टवर बसून पंचवीस वेळा करून बघा, डोळे रस्त्यावर ठेवून. ब्रेक फक्त मागच्या दांड्याला असतो, म्हणून तो वळायच्या आधी, सरळ असतानाच लावा. सीटबेल्ट नसतो, तो शोधत बसू नका. आणि बरगड्यांना फोमचं जाकीट मागून घ्या. मी पहिल्या दिवशी घेतलं नव्हतं, नंतर आठवडाभर शिंकायची भीती वाटत होती.