जांघेच्या रेषेपाशी थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासात हाताचा भाग संपून पाय आणि धड सुरू झाल्याचे तू कळवलेस, आणि प्रत्येक स्नायूचे ओरिजिन (उगम), इन्सर्शन (शेवट), नर्व्ह सप्लाय (मज्जातंतूचा पुरवठा) व ॲक्शन (क्रिया) यांचे तक्ते कितीही घोकले तरी आठवड्याभरात पुसट होतात, अशी तक्रारही केलीस. तक्रार रास्त आहे, पण दोष तुझ्या स्मरणशक्तीचा नाही. तक्ता उजळणीसाठी असतो. अभ्यासाची सुरुवातच त्याच्यापासून केली, तर एकमेकांशी संबंध नसलेली शे-दोनशे नावे तेवढी हाती उरतात. मांडी, नितंब, पोटरी, पोटाची भिंत, छाती ही प्रकरणे पुस्तकाने सोयीसाठी पाडलेली आहेत. म्हणून समोर आलेली प्रत्येक रचना कोठून निघाली, कशाच्या पुढून वा मागून गेली आणि कोठे संपली, हे तोंडी सांगता आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि ती धडातून पायात उतरत असेल, तर दोन्हीकडचा भाग एकाच बैठकीत पाहा.

सुरुवात सोअस मेजरपासून कर. बाराव्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्यापासून पाचव्या लंबर (कमरेच्या) मणक्यापर्यंत कण्याच्या बाजूंना चिकटलेला हा स्नायू इंग्वायनल लिगामेंटच्या, म्हणजे जांघेतल्या तंतुमय पट्ट्याच्या, खालून मांडीत उतरतो आणि फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) लेसर ट्रोकँटर या उंचवट्यावर संपतो. पुस्तकात तो एकदा पोटाच्या मागच्या भिंतीत भेटतो आणि पुन्हा मांडीच्या प्रकरणात. बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोक्यात हे दोन वेगळे स्नायू होऊन बसतात. लंबर प्लेक्सस हे नर्व्हचे जाळे याच्याच मांसात तयार होतो: फेमोरल नर्व्ह त्याच्या बाहेरच्या कडेने निघते, ऑब्च्युरेटर आतल्या कडेने, आणि जेनिटोफेमोरल त्याच्या पुढच्या पृष्ठभागातून. कण्याच्या क्षयरोगातला पू याच्या आवरणातून सरकत जांघेत गाठीच्या रूपाने का दिसतो, किंवा सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) मागे दडलेल्या ॲपेंडिक्सला सूज आली असता मांडी मागे ताणताच पोटात कळ का येते, हे मग पाठ करावे लागत नाही.

फेमोरल ट्रँगलचे, म्हणजे मांडीच्या वरच्या भागातल्या पुढच्या त्रिकोणाचे, डिसेक्शन (विच्छेदन) घाईने उरकू नकोस. त्वचा उलटल्यावर समोर येतो तो पिवळा मेद, त्यात रुतलेले लिम्फ नोड आणि त्यांच्यामधून वर येऊन खोल शिरणारी ग्रेट सॅफिनस शीर. ही शीर आधी मोकळी केलीस, तर तिच्या मागोमाग फेमोरल शिरेपर्यंत आपोआप पोहोचशील. त्यापुढे डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेव. धमनीची भिंत जाड असते आणि ती बोटाखाली रबरी नळीसारखी घरंगळते. शीर चपटी व मऊ लागते आणि आत गोठलेल्या रक्ताने बहुधा काळसर दिसते. नर्व्ह पांढुरकी आणि भरीव असते, चिमट्याने दाबली तरी चपटी होत नाही. बाहेरून आतल्या बाजूस नर्व्ह, धमनी, शीर हा क्रम सगळ्यांना येतो. पण नर्व्ह फेमोरल शीथच्या (धमनी व शिरेभोवतीच्या आवरणाच्या) बाहेर का, असे व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारले की मुले गप्प होतात. उत्तर पोटात आहे. हे शीथ पुढून ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशियाचे आणि मागून इलियाक फॅशियाचे बनते (फॅशिया म्हणजे तंतुमय पडदा). धमनी आणि शीर या दोन थरांच्या मधून खाली येतात, तर नर्व्ह मुळातच इलियाक फॅशियाच्या मागे असते.

पायाच्या स्नायूंबाबत आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तक्ते येथे सर्वाधिक फसवतात. तक्त्यातली क्रिया पाय हवेत मोकळा आहे असे धरून लिहिलेली असते. पण पायाचे आयुष्य मुख्यतः जमिनीवर जाते. ग्लूटियस मीडियस आणि मिनिमस या नितंबातल्या स्नायूंसमोर ‘ॲबडक्शन’ (पाय बाहेरच्या बाजूस नेणे) लिहिलेले असते, आणि ते खरेही आहे. परंतु त्यांचे रोजचे काम चालताना एक पाय उचलला गेला की त्या बाजूचे पेल्व्हिस (कटिर) खाली झुकू न देणे हे आहे, आणि ते काम टेकलेल्या पायाच्या बाजूचे स्नायू करतात. या स्नायूंची सुपीरियर ग्लूटियल नर्व्ह निकामी झाली, तर रुग्ण त्या बाजूच्या पायावर उभा राहताच विरुद्ध बाजूचे पेल्व्हिस खाली जाते. ट्रेंडेलेनबर्ग चिन्हात बाजूचा जो गोंधळ दरवर्षी होतो, तो स्वतः आरशासमोर एका पायावर उभे राहून नितंबावर हात ठेवला की मिटतो. गुडघ्याचेही तसेच. पूर्ण सरळ होताना, पाय जमिनीवर असेल तर फीमर टिबियावर (नडगीच्या हाडावर) किंचित आतल्या बाजूस वळते आणि सांधा कुलूपबंद होतो. ते कुलूप उघडण्यासाठी गुडघ्यामागचा पॉप्लिटियस हा स्नायू फीमरला बाहेरच्या बाजूस वळवतो. एवढ्याशा स्नायूला पुस्तके एवढी जागा का देतात, ते त्यावरून कळेल.

मांडीच्या पुढचे स्नायू गुडघा सरळ करतात आणि मागचे वाकवतात, हे हाताच्या अगदी उलटे वाटते. गर्भावस्थेत पायाचा अंकुर आतल्या दिशेने फिरतो, म्हणून मूळची मागची बाजू पुढे येते आणि अंगठा आतल्या बाजूस राहतो. पायावरचे डर्मटोम (मज्जारज्जूच्या एकेका नर्व्हच्या वाट्याचे त्वचेचे पट्टे) तिरके गुंडाळल्यासारखे का दिसतात, याचेही कारण हेच. भ्रूणशास्त्राचे हे एक पान वाचल्याशिवाय डर्मटोमची आकृती पाठ करू नकोस.

धडाकडे वळताना आधी एकच इंटरकोस्टल स्पेस (दोन बरगड्यांमधली जागा) नीट शीक. बरगडीच्या खालच्या कडेशी असलेल्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी आणि नर्व्ह असतात, म्हणून छातीत सुई घालताना ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात. ही रचना स्नायूंच्या सर्वांत आतल्या दोन थरांच्या मध्ये धावते, आणि पोटाच्या भिंतीतही नर्व्ह त्याच पातळीत, म्हणजे इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस या स्नायूंमध्ये, सापडतात. सातव्यापासून अकराव्यापर्यंतच्या इंटरकोस्टल नर्व्ह बरगड्या सोडून पोटाच्या भिंतीत उतरतात. बेंबीभोवतीची त्वचा दहाव्या नर्व्हची. म्हणूनच फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झालेले मूल कधी कधी पोट दुखते म्हणून रडते. डायफ्रॅममधून (श्वासपटलातून) व्हीना कॅव्हा ही मोठी शीर आठव्या, अन्ननलिका दहाव्या आणि महाधमनी बाराव्या थोरॅसिक मणक्याच्या पातळीवर जाते; हे तीन आकडे मात्र सरळ पाठ कर, त्यात तत्त्वज्ञान शोधू नकोस.

इंग्वायनल कॅनालची, म्हणजे जांघेजवळ पोटाच्या भिंतीतून जाणाऱ्या मार्गाची, तुला धास्ती वाटते, असे पत्रावरून दिसते. प्रौढात सुमारे 4 सेंटिमीटर लांबीचा हा तिरका मार्ग आकृतीवरून समजत नाही, कारण आकृती सपाट असते. कागदाचे तीन थर घे, त्यांना ठरावीक जागी भोके पाड आणि मधून दोरा ओव. डीप रिंग (या मार्गाचे आतले तोंड) आणि फेमोरल धमनी यांच्या जागांमध्ये घोटाळा होतो तो टाळ: इंग्वायनल लिगामेंट अँटिरियर सुपीरियर इलियाक स्पाइनपासून (कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून) प्युबिक ट्युबरकलपर्यंत (जांघेच्या हाडावरच्या उंचवट्यापर्यंत) असते आणि डीप रिंग त्याच्या मध्याच्या जरा वर असते; फेमोरल धमनी मात्र त्याच स्पाइनपासून प्युबिक सिम्फिसिसपर्यंतच्या (दोन्ही बाजूंची जांघेची हाडे मध्यभागी जुळतात त्या सांध्यापर्यंतच्या) अंतराच्या मध्यावर लागते. इन्फीरियर एपिगॅस्ट्रिक धमनीच्या बाहेरून येतो तो इनडायरेक्ट हर्निया, आतून येतो तो डायरेक्ट. वृषण पोटाच्या मागच्या भिंतीतून खाली उतरले आहे, हे ध्यानात ठेवलेस तर त्याची धमनी महाधमनीतून का निघते आणि त्याचा लिम्फ जांघेत न येता महाधमनीलगतच्या नोडकडे का जातो, हेही त्यातच आले.

मोबाइलवरील त्रिमितीय ॲप जरूर वापर, पण डिसेक्शन झाल्यावर. त्यात मेद नसतो, फॅशिया नसते आणि सारी शरीरे एकसारखी असतात. प्रत्यक्षात काही शरीरांत सायटिक नर्व्ह पेल्व्हिसमध्येच दुभंगलेली असते आणि तिचा एक भाग पिरिफॉर्मिस या नितंबातल्या स्नायूला भेदून बाहेर येतो. टेबलावर असे काही आढळले, तर शेजारच्या टेबलांवरील विद्यार्थ्यांनाही बोलावून दाखव. देह देणाऱ्या व्यक्तीने जे दिले, ते त्या एका टेबलापुरते नव्हते.

पुढच्या पत्रात तक्ता पाठवू नकोस. महाधमनी चौथ्या लंबर मणक्यापाशी दुभंगते तेथून सुरुवात करून रक्त पायाच्या अंगठ्याच्या मुळापर्यंत कसे पोहोचते, ते एका पानात लिहून पाठव. धमनीचे नाव जेथे जेथे बदलते, ती जागा आणि तेथे तिच्या पुढे-मागे काय आहे, हे त्यात असू दे. लिहून झाले की पायाच्या वरच्या बाजूस, अंगठा वर उचलताच उठून दिसणाऱ्या टेंडनच्या बाहेरच्या अंगाला बोट ठेव आणि डॉर्सॅलिस पेडिस या धमनीची नाडी लागते का, ते दोन्ही पायांवर पाहून तेही कळव.

तुझा शिक्षक