वाचकांचे प्रश्न : घाट उतरून समुद्राकडे

थंडी पडू लागली की मित्रमैत्रिणींच्या सहलींविषयीची पत्रे वाढतात. या वेळी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील अडचण सीमाभागातल्या बहुतेक मंडळींची आहे आणि तिचा विचार सविस्तर व्हायला हवा.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी एका वर्गात शिकलो. चौघी बेळगावात राहतो, एक गडहिंग्लजला आणि एक चंदगडला नांदते. जानेवारीत सहा दिवस कसेबसे जमवले आहेत. समुद्रही हवा आहे आणि डोंगरातली पायपीटही. आंबोली, मालवण, गोवा, गोकर्ण, याणा, जोग आणि दांडेली अशी यादी तयार झाली आहे. एकीला गुडघ्याचा त्रास आहे, दोघींना पोहता येत नाही. हे सगळे सहा दिवसांत कसे बसवावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : हे सगळे बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा दिवसांत सात ठिकाणे धरली, तर रोज सकाळी बॅगा भरायच्या, दुपारभर गाडीत बसायचे आणि संध्याकाळी नव्या गावात खोली शोधायची, एवढेच हाती लागेल. इतक्या वर्षांनी एकत्र येणाऱ्या मैत्रिणींना निवांत बोलायलाही वेळ मिळणार नाही. मुक्कामाची गावे तीनच ठेवावीत आणि त्यांतल्या दोन ठिकाणी तरी दोन-दोन रात्री राहावे.

बेळगावकरांच्या सहलीचा आराखडा घाटांवरून ठरतो, हे आधी लक्षात घ्यावे. आपण घाटमाथ्यावर राहतो आणि समुद्र खाली आहे. आंबोली घाटाने उतरले की सावंतवाडी आणि वेंगुर्ला, चोर्ला किंवा अनमोडने उतरले की गोवा, आणि अणशी घाटाने उतरले की कारवार. कोणत्या घाटाने उतरायचे आणि कोणत्या घाटाने चढून परत यायचे, हे एकदा ठरले की यादीतली निम्मी नावे आपोआप गळून पडतात. एकाच सहलीत मालवण आणि गोकर्ण दोन्ही धरले, तर मधला सगळा गोवा रस्त्यावरच्या रहदारीत ओलांडावा लागतो, आणि नाताळापासून पुढचे काही आठवडे ती रहदारी किती असते हे आपल्याला ठाऊक असेलच. म्हणून आंबोली आणि मालवण पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

जोगही या वेळी वगळावा. त्याची उंची २५३ मीटर आहे आणि भर पावसाळ्यात त्याच्यासमोर उभे राहिल्यावर बोलणे सुचत नाही, हे खरे; परंतु शरावतीचे पाणी वरच्या लिंगनमक्की धरणात अडवले जात असल्यामुळे जानेवारीत कड्यावरून बहुधा बारीक धाराच उरलेल्या असतात. जोगला पावसाळा संपता संपता जावे. दांडेलीचे राफ्टिंग सुपा धरणातून पाणी सोडण्यावर अवलंबून असते, त्यामुळे नेमक्या आपल्या दिवशी ते होईल असे धरून चालू नये.

आता उरते ते पुरेसे आहे. पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघून खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा या मार्गाने अणशी घाट उतरावा आणि कद्र्यावरून कारवारला पोहोचावे. अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे, पण रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या दाट जंगलातून आणि वळणांतून जातो, म्हणून पाच तास धरावेत आणि उजेडातच घाट उतरावा. कारवारला एक रात्र पुरे. संध्याकाळी काळी नदीच्या मुखावरच्या सदाशिवगडाच्या टेकडीवर जावे; नदी समुद्राला मिळते ती जागा तेथून अखंड दिसते, आणि थोड्या चढावर सगळ्यांच्या पायांची परीक्षाही होते.

पुढच्या दोन रात्री गोकर्णला घालवाव्यात, आणि आपल्याला हवे असलेले समुद्र व पायवाट यांचे एकत्र सुख तेथेच मिळेल. गावाच्या दक्षिणेला कुडले, ओम, हाफमून आणि पॅराडाइज असे चार किनारे एकापुढे एक आहेत आणि प्रत्येक दोन किनाऱ्यांच्या मध्ये समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड आहे. त्या सोंडांवरून पायवाट जाते. एका टप्प्याला साधारण अर्धा तास लागतो, पण वाट सोपी समजू नये. वर जांभ्याचे सडे आहेत, उतारावर सुटी खडी पायाखालून घसरते, आणि हाफमूनच्या पुढे काही ठिकाणी खडकांना हात लावून उतरावे लागते. चपला घालून ही वाट करू नये; तळव्याला चांगली पकड असलेले बूट हवेत. उतार पश्चिमेकडचे असल्यामुळे सकाळी सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट अंगावर येते, म्हणून सातला निघून अकरापर्यंत पॅराडाइज गाठावा. पाणी प्रत्येकीने दोन लिटर सोबत घ्यावे. ओमच्या पुढे भरवशाचे काही मिळत नाही.

गुडघ्याचा त्रास असलेल्या मैत्रिणीला खोलीवर एकटे बसवून जाऊ नये. ओम किनाऱ्याच्या माथ्यापर्यंत रिक्षा जाते आणि तेथून पायऱ्या उतरल्या की वाळू लागते. तिने आणि सोबत आणखी एकीने तसे यावे, बाकीच्यांनी कुडलेवरून चालत यावे, आणि समुद्र शांत असेल तर पुढचा टप्पा सगळ्यांनी मिळून नावेने करावा. नावेत बसताना लाइफ जॅकेट अंगात असलेच पाहिजे. नसेल तर ती नाव सोडून द्यावी.

पोहता न येणाऱ्यांनी गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये, आणि पोहता येणाऱ्यांनीही जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर खोल पाण्यात जाऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये याच उत्तर कन्नड जिल्ह्यात मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. विहिरीत किंवा तलावात पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्राचा आत ओढणारा प्रवाह ओळखता येत नाही, आणि आपण घाटमाथ्यावरची माणसे बहुतेक तशीच शिकलेली असतो. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा सपाट आणि गढूळ दिसला तर तेथे उतरू नये. कोणी प्रवाहात सापडलीच तर तिने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे.

चौथ्या दिवशी कुमठ्यावरून देवीमने घाट चढून शिरसीला जावे आणि तेथे दोन रात्री राहावे. निघण्यापूर्वी त्या घाटात रस्त्याचे काम चालू आहे का, याची चौकशी कुमठ्यात करावी. पाचवा दिवस पूर्ण याण्याला द्यावा. सह्याद्रीच्या हिरव्या रानातून अचानक काळेभोर सुळके वर येतात. त्यांतले भैरवेश्वर शिखर १२० मीटर आणि मोहिनी शिखर ९० मीटर उंच आहे, आणि भैरवेश्वराच्या पोटातल्या गुहेत लिंगावर वरून पाणी ठिबकत असते. वाहनतळापासूनची वाट सावलीची आहे. गुडघ्याला जड जातील त्या शेवटच्या पायऱ्या, तेव्हा काठी जवळ असावी. सुळक्यांवर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून तेथे आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर टाळावे. सहाव्या दिवशी शिरसीहून हुबळीमार्गे बेळगावला यावे. हा रस्ता लांब असला तरी सोपा आहे.

एक गोष्ट मात्र मनावर घ्यावी. शिरसी, सिद्धापूर आणि शिवमोग्ग्याकडच्या रानात डिसेंबर ते मे या काळात माकडताप आढळतो. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१६ च्या सुमारास आपल्या शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागातही त्याचे रुग्ण आढळले होते. तो गोचिडीच्या चाव्याने पसरतो. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी, पालापाचोळ्यावर बसू नये, आणि परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, गुडघ्यांची मागची बाजू आणि केसांची मुळे एकमेकींनी तपासावीत. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवावे. घरी आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला, तर आपण कोणत्या रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

प्रवास बसने करणार असाल तर शक्ती योजनेचा विचार करावा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्यांतर्गत साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. आपल्यापैकी चौघींकडे बेळगावचा पत्ता असलेले ओळखपत्र आहे, त्यामुळे त्यांना शून्य रकमेचे तिकीट मिळेल. गडहिंग्लज आणि चंदगडच्या मैत्रिणींना मात्र पूर्ण भाडे द्यावे लागेल. त्या दोघींना बेळगावपर्यंत येताना महाराष्ट्र एसटीत त्यांच्या राज्याच्या हद्दीपुरती निम्म्या भाड्याची सवलत आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणींची तिकिटे अशी वेगळी निघतात, म्हणून त्या दोघींचे भाडे सहा जणींत वाटून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच मित्र कॅसलरॉकहून रुळांवरून चालत दूधसागरला जाणार आहोत आणि तेथून गोव्यात दोन दिवस किनाऱ्यावर राहणार आहोत. आधी बरेच जण असेच गेले आहेत. काही हरकत आहे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : हरकत आहे, आणि ती मोठी आहे. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून गंभीर गोष्ट त्या मार्गाची आहे. कॅसलरॉक ते कुळे हा घाट १:३७ इतक्या तीव्र उताराचा आहे, एकामागून एक बोगदे आहेत, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला सरकायला पुरेशी जागा मिळेलच असे नाही. ओल्या भिंतीला चिकटून मालगाडी जाऊ देण्यात कसलेही धाडस नाही. आधी गेलेल्यांचे सांगणे ऐकून हा बेत करू नये.

दूधसागर पाहण्याचा रीतसर मार्ग कुळ्याहून आहे. पावसाळा संपल्यावर तेथून अभयारण्यातून जीप सोडल्या जातात आणि शेवटचे अंतर खडकांतून चालावे लागते. शिवाय लोंढ्याहून कुळ्याला जाणारी गाडी धबधब्याच्या अगदी समोरूनच जाते, त्यामुळे ३१० मीटरची ती धार खिडकीतूनही दिसते. पुढे मडगावला गाडी बदलून काणकोणला उतरावे. पाळोळे किनाऱ्यावर मुक्काम करून एक सकाळ खोतीगाव अभयारण्याला द्यावी. तेथे आखलेल्या पायवाटा आणि झाडावरचा मनोरा आहे, आणि किनाऱ्यापासून अंतरही थोडे आहे. जवळच्या गालजीबाग आणि आगोंद किनाऱ्यांवर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालायला येतात. तेथे रात्री शेकोटी पेटवू नये, मोबाइलचे दिवे लावू नयेत आणि कुंपण घातलेल्या वाळूवर पाय ठेवू नये. परत येताना दारूच्या बाटल्या बॅगेत घालू नयेत. परवान्याशिवाय त्या कर्नाटकात आणणे गुन्हा आहे आणि नाक्यावर तपासणी होते.

आपल्या तालुक्यातच भीमगडचे अभयारण्य आहे, हेही विसरू नये. तेथे जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढावी आणि खात्याने दिलेल्या वाटाड्याबरोबरच जावे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये तीन दिवस आंबोली आणि मालवण करायचे आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि स्नॉर्केलिंग जमेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जमणार नाही. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ दोन्ही बंद असतात. ऑगस्टमध्ये फक्त आंबोलीला जावे, तेही शनिवार-रविवार टाळून, कारण मुख्य धबधब्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. किल्ला आणि समुद्र नोव्हेंबरसाठी ठेवावा. तेव्हा संकेश्वर-बांदा रस्त्याने गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला एक रात्र राहावे, सकाळी हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत चालून यावे आणि पुढच्या दोन रात्री वेंगुर्ल्यात किंवा मालवणात काढाव्यात. वेंगुर्ल्याजवळचा शिरोड्याचा किनारा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचा आहे. तेथून रेडीच्या यशवंतगडाची फेरी एका सकाळी होते.

प्रश्न : आमच्या भिशीच्या पैशांतून आठ मित्रांची सहल ठरली. आगाऊ रक्कम भरल्यावर एकाने नकार दिला आणि पैसे परत मागितले. द्यावेत का?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : त्याच्या वाट्याचे जे पैसे परत मिळण्यासारखे आहेत ते द्यावेत, आणि जे बुडाले ते त्याने सोसावेत. खोली आठांसाठी घेतली असेल आणि तो न आल्याने इतरांचा वाटा वाढत असेल, तर तो फरक त्याच्याकडून घ्यावा. तो घरच्या आजारपणामुळे थांबला असेल तर मात्र फरक सातांनी वाटून घ्यावा. त्यावरून मैत्रीत कडवटपणा येऊ देऊ नये. पुढच्या वेळी वर्गणी काढतानाच दोन खाती करावीत. गाडी, खोली आणि जेवण यांचा खर्च सगळ्यांचा समान. नाव, राफ्टिंग, मांसाहार आणि पेय यांचा खर्च ज्याचा त्याने करावा. कोणत्या तारखेनंतर नकार दिल्यास किती रक्कम परत मिळणार नाही, हे पैसे गोळा करण्यापूर्वी लिहून सगळ्यांना पाठवावे, आणि हिशेब ठेवणाऱ्याने रोज रात्री जेवणानंतर तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.